एका पिलाची किंमत किती?



प्रभू येशूच्या काळी बाजारात चिमण्या विकायला येत. गोरगरिबांचे ते खाणे. मत्तयच्या शुभवर्तमानात (१०:२९) एका लहान नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) दोन नाण्यांना पाच. हा हिशेब नीट पाहा. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी चिमणी विकणाऱ्याने वर घातलेली आहे, भाजीवाली चार काड्या कोथिंबीर वर घालते तशी. म्हणजे बाजारात त्या पाचव्या चिमणीची किंमत शून्य. आणि प्रभू येशू सांगतो की परमेश्वराला तिचाही विसर पडत नाही.

लगेच पुढे तो असेही सांगतो की तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून अधिक मोलाचे आहात. या दोन्ही गोष्टी त्याने लागोपाठ सांगितल्या आहेत. माणूस मोठा, हे खरे. पण माणूस मोठा म्हणून चिमणी कवडीमोल ठरत नाही, हेही तितकेच खरे. आज ज्या प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत तो दिसायला त्या चिमणीएवढाच लहान आहे. घरातले कोंबडीचे पिलू आजारी पडले तर त्याच्यासाठी आपण काय करावे? आणि किती करावे?

तीन माणसे, तीन वाक्ये

परसात खुराडे असलेल्या घरांत हा प्रसंग नवा नाही. ज्यांच्याकडे खुराडे नाही त्यांच्याही घरी तो येतो. जत्रेत किंवा बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिले विकायला असतात. मूल हट्ट धरते, आपण घेऊन देतो. ही बऱ्याचदा अंडी देणाऱ्या जातीची नर पिले असतात. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती स्वस्तात बाहेर पडतात. आईची ऊब त्यांना कधी मिळालेलीच नसते. दोन-तीन दिवसांत पिलू पंख पाडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात उभे राहते, आणि मूल ते ओंजळीत घेऊन मोठ्यांकडे येते.

अशा वेळी घरात साधारण तीन वाक्ये ऐकू येतात. एक जण म्हणतो, “पिलू केवढ्याचे, आणि डॉक्टरकडे न्यायला रिक्षा केवढ्याची!” दुसरा म्हणतो, “वाचले तरी नाताळला कापायचेच आहे ना?” तिसरा म्हणतो, “जगायचे असेल तर जगेल. देवाची इच्छा.” तिन्ही वाक्ये व्यवहारी आहेत. ती बोलणारी माणसे वाईट नाहीत. पण ती वाक्ये मुलाच्या कानावर पडतात आणि मनात राहतात. म्हणून ती तपासून पाहायला हवीत.

देवाची इच्छा

तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण त्यात देवाचे नाव आहे.

यरुशलेमसाठी शोक करताना प्रभू येशूने स्वतःला कोंबडीची उपमा दिली. कोंबडी आपली पिले पंखांखाली गोळा करते, तसे तुम्हांला गोळा करण्याची माझी किती इच्छा होती, असे तो म्हणाला (मत्तय २३:३७, लूक १३:३४). ज्याने कोंबडी पाळली आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पिलाच्या अंगावर पहिले काही आठवडे बहुतेक लवच असते, खरी पिसे पूर्ण फुटलेली नसतात. स्वतःच्या अंगाची ऊब टिकवणे त्याला जमत नाही. आईचा पंख हे त्याचे घर, अंथरूण आणि औषधही असते.

पण कोंबडी पाळणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. बारा पिलांतले एक अशक्त निघाले, मागे पडू लागले, की आई काही वेळ साद घालते आणि मग उरलेल्या अकरांना घेऊन पुढे जाते. तिला अकरांचे पोट भरायचे असते. मोठी पिले तर आजारी पिलाला चोची मारतात. यात त्यांचा दोष नाही. निसर्गाचा तो नियम आहे. अशक्ताने मागे राहावे, असे निसर्ग म्हणतो.

आता लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ आठवा. शंभरांतले एक हरवले तेव्हा तो नव्व्याण्णवांना घेऊन पुढे गेला नाही. त्यांना रानात ठेवून एकाच्या शोधात निघाला. कोंबडीचा पंख आणि मेंढपाळाची मोजणी, या दोन्ही उपमा प्रभूने वापरल्या आहेत. पंखाची ऊब आपण कोंबडीकडून शिकू शकतो. मागे राहिलेल्या एकासाठी परत फिरणे मात्र कोंबडी शिकवत नाही. ते देवाचे वागणे आहे. देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेल्या माणसाकडूनच त्याची अपेक्षा आहे.

म्हणून “जगायचे असेल तर जगेल” हे वाक्य ऐकायला भक्तीचे वाटले तरी ते निसर्गाचे वाक्य आहे, श्रद्धेचे नाही. देवाची इच्छा काय आहे हे आपण काही न करता बसून कळत नाही. पिलू ज्याच्या ओंजळीत आले, त्याचे हात हाही देवाच्या इच्छेचा एक भाग असू शकतो.

सेवेला लागते काय?

“डॉक्टर केवढ्याचा” हे पहिले वाक्य पैशांचे आहे. पण आजारी पिलाला सर्वांत आधी जे हवे असते त्याला फारसे पैसे पडत नाहीत.

त्याला आधी इतर पिलांपासून वेगळे करावे. त्यात दोन हेतू असतात: त्याला चोची बसू नयेत आणि त्याचा आजार इतरांना लागू नये. एखादे खोके किंवा टोपली, तळाशी कोरडा भुसा किंवा जुने फडके. मग ऊब. पहिल्या आठवड्यात पिलाला साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करत जातात. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब टोपलीच्या एका बाजूला टांगला की काम होते. एलईडी दिव्याचा यासाठी उपयोग नाही, तो उजेड देतो पण पुरेशी उष्णता देत नाही. बल्ब भुशाला किंवा फडक्याला टेकू देऊ नये, आग लागू शकते. ऊब नीट आहे का, हे पिलूच सांगते. थंडी वाजत असेल तर ते दिव्याला चिकटून केविलवाणे ओरडते. उकडत असेल तर दूर जाऊन चोच उघडी टाकते. सगळे ठीक असेल तर शांत झोपते.

मग पाणी. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. चोचीचे टोक फक्त पाण्याला लावावे, पिलू स्वतः पिते. थोड्या वेळाने पुन्हा. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्याने हळूच भिजवून काढावी, नाहीतर पिलाची वाटच बंद होते. हगवणीत रक्त दिसले, मान वाकडी झाली किंवा एकामागून एक पिले मरू लागली, तर घरगुती उपाय थांबवून सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या आजारावर औषध नाही. वेळेवर दिलेली लस हाच त्यावर उपाय. घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने चारू नयेत. त्याने पिलू बरे होईलच असे नाही, पण औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात, आणि ते पुढे माणसांनाच छळतात. आणि पिलाला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, मुलांनी तर नक्कीच.

पाहा, या सगळ्यात खर्च कशाचा झाला? थोडी वीज, एक खोके आणि पुष्कळ वेळ. अर्ध्या रात्री उठून टोपलीत डोकावण्याचा वेळ. पैसे नाहीत असे आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा वेळ द्यायचा नसतो. मुलालाही ते कळते.

शेवटी कापायचेच असेल तर?

दुसरे वाक्य सर्वांत अवघड आहे. ज्याला उद्या खायचे त्याला आज का जपायचे?

आपला धर्म आपल्याला मांस खाण्याची मनाई करत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) हे स्पष्ट केले आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे. पण प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागणे आपले कर्तव्य आहे, आणि त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तिथेच म्हटले आहे. ‘माणसाच्या प्रतिष्ठेला’ या शब्दांकडे लक्ष द्या. निष्ठुरपणाने वागणारा माणूस प्राण्याला तर दुखावतोच, शिवाय स्वतःही लहान होतो.

जुन्या करारातही हीच शिस्त आहे. घरट्यात आई आणि पिले सापडली तर दोन्ही उचलू नयेत, आईला सोडून द्यावे, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे (२२:६-७). मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये असे तेच पुस्तक सांगते (२५:४). शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही आहे (निर्गम २३:१२). हे नियम ज्यांना दिले ते लोक मांस खाणारेच होते. खाणाऱ्यालाच हे नियम दिले आहेत, कारण त्याच्याच हातात त्या जिवाचे जगणे-मरणे आहे.

तेव्हा “कापायचेच आहे” हे सेवा टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट ज्याच्याकडून आपण अंडी घेणार, मांस घेणार, त्याचे ऋण आपल्यावर अधिक आहे. उपयोगाचे असेपर्यंत दाणे टाकायचे आणि आजारी पडले की उकिरड्यावर फेकायचे, हा ‘कामापुरता मामा’ झाला. जी तलंग पुढे आपल्या घरी अंडी घालणार आहे तिच्या पिलूपणी चार दिवस ऊब देणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.

मुलांशीही याबाबत खरे बोलावे. कोंबडी कुठे गेली असे विचारल्यावर “उडून गेली” असे सांगू नये. ही आपण खाण्यासाठी पाळतो, म्हणून तिला जिवंतपणी सुख द्यायचे आणि मारताना कमीत कमी त्रास द्यायचा, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला कळते. जेवणाआधीच्या प्रार्थनेलाही मग अर्थ येतो.

आजारी कोंबडी कोणाच्या ताटात?

इथे एका मोहाबद्दल बोलणे भाग आहे. खुराड्यात आजार शिरला की काही घरांत घाई सुरू होते: मरण्याआधी विकून टाका! बाजारात ती कोणीतरी स्वस्तात घेतो. किंवा आपण ती खात नाही, पण कामाला येणाऱ्या बाईला देऊन टाकतो आणि वर दान केल्याचे समाधान मानतो. जे आपल्या मुलाच्या ताटात वाढणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात पोहोचवणे हे दान नव्हे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा इथे मोडते. मेलेली पिले बावखलात किंवा खाडीत टाकण्याचेही तसेच. ती खोल पुरावीत.

२००६ साली आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. देशात तो पहिल्यांदाच आढळला होता. रोग पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते करणे माणसांच्या जिवासाठी आवश्यक होते. २०२१ साली नवापूरला तीच वेळ पुन्हा आली. अशा साथीत आपल्या घरची दोन पिले लपवून ठेवणे म्हणजे दया नव्हे. पुष्कळ पक्षी अचानक मेले तर तसे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवणे, हेच तेव्हा प्रेमाचे कृत्य असते. दयेला डोळे असावे लागतात. आपल्या टोपलीपलीकडचेही तिला दिसले पाहिजे.

मागच्या खोलीतली आजी

धर्मशिक्षण ग्रंथाच्या त्याच परिच्छेदात (२४१८) दुसरी बाजूही आहे. माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, आणि जी प्रीती माणसालाच द्यायची ती प्राण्याला देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (९१, ९२) हाच धागा पुढे नेला आहे. माणसांविषयी कळवळा नसेल तर निसर्गावरचे प्रेम खरे असू शकत नाही, असे ते सांगतात. आणि उलट बाजूने, जे मन प्राण्याशी दुष्टपणे वागते त्याची दुष्टता माणसांशी वागतानाही लवकरच दिसून येते, कारण मन एकच असते.

मन एकच असते. म्हणून आता मागच्या खोलीत जाऊ. टोपलीतल्या पिलाला आपण थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजतो. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजीला शेवटचे पाणी कोणी, कधी विचारले? पिलाचे फडके ओले झाले की लगेच बदलतो. आजीची चादर?

पिलाची सेवा सोपी असते. पिलू तक्रार करत नाही. त्याला वीस वर्षांपूर्वीचे भांडण आठवत नाही. तीच गोष्ट दहा वेळा विचारत नाही. चार दिवसांत ते बरे होते किंवा मरते. माणसाचे आजारपण वर्षानुवर्षे चालते आणि त्यात कौतुक करणारे कोणी नसते. त्यामुळेच प्राण्यावरचे प्रेम कधीकधी माणसापासून लपण्याची जागा बनते. ख्रिस्तसभा सावध करते ती इथे.

पेरू देशातील लिमा येथील संत मार्टिन दे पोरेस (१५७९-१६३९) यांचे उदाहरण इथे आठवते. डोमिनिकन मठाच्या रुग्णखोलीत ते आजाऱ्यांची सेवा करीत. गरीब, गुलाम, परके असा भेद त्यांच्याकडे नव्हता. जखमी कुत्र्या-मांजरांवरही ते उपचार करीत असे सांगतात. त्यांच्याजवळ माणसासाठी एक हात आणि प्राण्यासाठी दुसरा असे नव्हते. १९६२ साली त्यांना संतपद देण्यात आले.

म्हणून पिलाची सेवा करू नका असे नाही. पिलाची सेवा करा आणि त्याच हाताने मागच्या खोलीचे दार उघडा. जे मूल पिलाला पाणी पाजायला शिकले, त्याच्या हाती आजीचा पेला द्या. हात तोच, चमचा थोडा मोठा.

वाचले नाही तर?

पुष्कळदा पिलू वाचत नाही. सगळे करूनही सकाळी ते टोपलीत थंड पडलेले असते. कधी ते वाचणार नाही हे दिसत असते, पण त्याच्या यातना लांबतात. अशा वेळी जाणत्या माणसाने किंवा पशुवैद्याने त्याच्या यातना झटकन संपवणे यात पाप नाही. ते काम मुलावर टाकू नये.

इथे एक भेद स्पष्ट असावा. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा दयामरण कधीच मान्य करत नाही. प्राणी आपल्याकडे सोपवलेला आहे, त्याच्याबाबत काय करायचे ते ठरवण्याची जबाबदारी आपली आहे. माणूस कोणाकडेही असा सोपवलेला नाही. त्याचे जीवन परमेश्वराच्याच हाती आहे. पिलाबद्दल जे बोलता येते ते मागच्या खोलीतल्या माणसाबद्दल मनातही आणू नये.

पिलू गेले म्हणून केलेली सेवा वाया गेली का? बाजार म्हणेल, गेली. पण कोणालाच नको असलेल्या पाचव्या चिमणीचा देवाला विसर पडत नसेल, तर तिच्यासाठी जागलेल्या माणसाचा तरी कसा पडेल? एक जीव थंडीत एकटा मेला नाही. आणि घरातल्या एका मुलाने पाहिले की आपल्या घरी अशक्ताला मागे टाकून कोणी पुढे जात नाही. पुढे कधी आपण अशक्त होऊ, तेव्हा त्या मुलाला हे आठवेल.

या आठवड्यात संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर दोन प्रश्नांवर घरात बोलू या. आपल्या घरात सध्या मागे राहिलेले कोण आहे? आणि त्याच्यासाठी परत फिरायला कोण तयार आहे?

हे प्रभू, तू आम्हांला तुझ्या पंखांखाली घेतोस आणि हरवलेल्या एकासाठी परत फिरतोस. आमच्या हाती सोपवलेल्या लहान जिवांना आमच्याकडून ऊब मिळू दे. आणि आमच्या घरातली आजारी, थकलेली माणसे आमच्या दयेची वाट पाहत कधी एकटी न राहोत. आमेन.